बोटाखालची ओळ

सुमय्यानं तो सिपारा पुन्हा उचलला तेव्हा खैरूनचा हात अजून पुरता मागेही आला नव्हता. डावीकडे न वाचलेल्यांचा ढीग, उजवीकडे वाचून झालेल्यांचा, मधे तांदळाच्या पेल्यात खोचलेली अगरबत्ती. सगळं रीतीनं मांडलेलं होतं. शेजारच्या हाजीसाहेबांचं चाळिसावं होतं. अशा वेळी कुराणाचे तीसही भाग सुटे मांडतात, बायका एकेक सिपारा उचलतात, वाचतात, उजवीकडे ठेवतात, आणि शेवटचा ठेवला गेला की गेलेल्या माणसाच्या नावानं दुवा होते. खैरूननं आपला ठेवला. आणि हाजीसाहेबांची नातसून सुमय्या, डावीकडे अजून चारपाच शिल्लक असताना, उजव्या ढिगावरचा सगळ्यात वरचा, म्हणजे खैरूनचाच, उचलून पहिल्या पानापासून वाचायला लागली. कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. पोरगी सुरतेकडून लग्न होऊन आलेली, मदरशात पुरी शिकलेली आणि वागायला इतकी मऊ की तिला नावं ठेवायची तर सासूला शोधाशोध करावी लागे. चुकून उचलला असेल, खैरूननं स्वतःला सांगितलं. पंचवीस वर्षं झेडपीच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला चुकून काय आणि मुद्दाम काय हे कळत नाही असं नाही. पण कळलं म्हणून लगेच मान्य करायलाच हवं असंही नाही. तिनं सरबत घेतलं, शिरा खाल्ला, "चांगला झालाय हं," म्हणाली आणि डोक्यावरची ओढणी उगाच पुन्हा पुन्हा सारखी करत घरी आली.

खैरूनला अरबी वाचता येत नव्हतं. यात गुपित काही नव्हतं. डहाणू गावातल्या त्या गल्लीत वाचता न येणाऱ्या बऱ्याच होत्या. त्या मागे भिंतीला टेकून चिकूच्या बियांवर कलमा मोजत बसायच्या. खैरून मात्र पुढे बसून सिपारा घ्यायची आणि ओळीओळीखालून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत नेऊन, एका ओळीला एक बिस्मिल्ला म्हणायची. ओळ संपली की बोट खाली, पुन्हा बिस्मिल्ला. ही रीत तिला आईनं, हवाबीनं, शिकवली होती. तिच्या लहानपणी तलासरीत मुसलमानांची घरं ती किती. मौलवी ईदला वापीहून यायचा, नमाज पढवायचा, बिर्याणी खायचा आणि पुढच्या ईदपर्यंत तोंड दाखवायचा नाही. पोरीला शिकवणार कोण? अब्बाच्या सायकलच्या दुकानासमोरच मराठी शाळा होती, तिथं ती गेली, पुढे डीएड झाली, बाई झाली. आणि दिवस कलताना अस्रची नमाज झाली की अम्मा हिरव्या कापडी बासनातून कुराण काढायची, लाकडी रेहलवर उघडायची, सुपातले तांदूळ निवडावेत तसं डोळे बारीक करून एकेका ओळीवरून बोट न्यायची, तेव्हा शेजारी बसून खैरूननंही बोट न्यायला सुरुवात केली होती. अम्माचं बोट आणि तिचं बोट, समोरासमोरच्या दोन पानांवर. त्या वेळी आपण वाचतो आहोत याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही. शंका यायला आधी कुणीतरी आपला सिपारा उचलून पुन्हा वाचावा लागतो.

संध्याकाळभर तिच्या डोक्यात हाजीसाहेब नव्हतेच, रज्जाक होता. रज्जाक तिचा नवरा, फुग्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला रबराच्या चिकाचा आणि पांढऱ्या पावडरीचा वास यायचा, आणि कितीही आंघोळ केली तरी कानामागे थोडी पावडर राहायचीच. तीन वर्षांमागे एका दुपारी कारखान्यातच खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. इद्दतीत घराबाहेर पडायचं नव्हतं, तेव्हा तिनं त्याच्या नावानं अख्खं कुराण बोटाखालून घातलं होतं. नंतर दर वर्षी त्याच्या बरसीला पुन्हा. बोटाचं टोक पांढरं पडायचं, पाठ भरून यायची, आणि शेवटचं पान मिटताना वाटायचं, पोचलं. आता वाटू लागलं, काय पोचलं? लग्नाच्या पहिल्या वर्षी घाईघाईत तिनं त्याला एकदा धुतलेला रिकामाच डबा भरून म्हणून दिला होता. संध्याकाळी घरी येऊन तो एवढंच म्हणाला होता, "आज मसाला जरा कमी होता." तिनं डबा उघडून बघितला आणि हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं, तो वडापाव खाऊन आला होता. ही गोष्ट ती सगळ्यांना सांगायची. आता ओट्याशी भांडी विसळताना तीच गोष्ट आठवली आणि तिचा हात नळाखाली तसाच राहिला. तीन वर्षं आपण त्याला रिकामा डबाच पाठवतोय की काय? आणि तिथं त्याला वडापाव कुठला मिळणार? तिला स्वतःचा राग आला, मग सुमय्याचा आला, मग रज्जाकचा आला, की हा माणूस तिथूनही काही बोलणार नाही, मसाला कमी होता म्हणेल आणि गप्प बसेल.

चार दिवस तळमळून ती सुमय्याकडे गेली. जाब विचारायला निघाली होती, दारात उभी राहिल्यावर तोंडातून निघालं, "मला शिकवशील?" सुमय्या पीठ मळत होती. तिनं हात धुतले, इतक्या सावकाश की खैरूनला पळून जावंसं वाटलं, आणि म्हणाली, "क्यों नहीं खाला? या ना. शनिवार-रविवार दुपारी या, सगळे झोपलेले असतात." त्या दिवशीच्या गोष्टीचा तिनं उल्लेख केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, कारण मग भांडता आलं असतं. तेव्हापासून खैरून हाजीसाहेबांच्या स्वयंपाकघरात, फोडणीच्या वासात, पाटावर कायदा उघडून बसू लागली. कायदा म्हणजे पोरांचं पहिलं पुस्तक, वर पिवळा कागद, आत सुपारीएवढाली अक्षरं. अलिफ, बे, ते. अलिफ सरळ उभा, बे होडीसारखा, खाली एक टिंब. इथवर ठीक होतं. मग कळलं की ही अक्षरं एकटी असतात तेव्हा एक आणि शेजारी कुणी आलं की दुसरीच. सुरुवातीला वेगळं तोंड, मधे वेगळं, शेवटाला वेगळं, शेपट्या कापलेल्या, ओळख न देणाऱ्या. मराठीत क म्हणजे क, कुठेही बसवा. इथं बाईंचं डोकं दुखायला लागलं. मीमला मीम म्हणावं तर तो मधे जाऊन नुसती गाठ व्हायचा. "इत्मिनान से, खाला," सुमय्या म्हणायची. "घाई नाही." खैरूनला घाई होती. बरसी अगदी तोंडावर होती असं नाही. पण घाई बरसीची नव्हतीच, मागच्या सगळ्या वर्षांची होती, आणि ती कुठल्या वेगानं भरून काढायची हे कुणाला सांगता येत नव्हतं.

आणि तिला आपल्याच वर्गातली बुधी आठवायची. बुधीला पुस्तकातली कविता तोंडपाठ. चित्रावर बोट ठेवून ती कविता म्हणायची, बोट कोंबड्यावर आणि तोंड मांजरावर. "बुधी, बोट कुठं आहे नि तू कुठं आहेस?" असं म्हणून खैरूननं तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर आणून ठेवलं होतं. "वाच. पाठ म्हणू नकोस." सगळा वर्ग हसला होता आणि बुधी पुढे दोन दिवस आलीच नव्हती. त्या वेळी खैरूनला वाटलं होतं, लागवडीला गेली असेल आईबरोबर.

दमवलं ते ऐन नावाच्या अक्षरानं. तो घशाच्या तळातून काढायचा. सुमय्या काढायची तेव्हा पाण्यात खडा टाकल्यासारखा स्वच्छ यायचा. खैरूनच्या घशातून एक तर साधा अ यायचा नाही तर खोकला. शाळा तलासरीच्या अलीकडच्या पाड्यावर, त्यामुळे रोज एसटीनं जाणं-येणं होतंच. चारोटी नाक्याला बस हायवेला लागली, इंजिनाचा आवाज चढला की ती खिडकीकडे तोंड करून घशातल्या घशात ऐन काढून बघायची. एकदा शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "बाय, मळमळतं काय? इकडं खिडकीत सरक. लिंबू देऊ?" नको म्हणायच्या आधी तिनं लिंबू हातात ठेवलंसुद्धा. खैरून चारोटीपासून शाळेच्या थांब्यापर्यंत लिंबू हुंगत गेली, कारण दुसरं काय सांगणार? पन्नाशी उलटलेली बाई अ म्हणायला शिकतेय, असं? पण मनात हसू यायच्या ऐवजी भीतीच आली. ज्या गोष्टीचा एक आवाज निघत नाही तिची एवढी पानं. आणि सुमय्यानं सहज, काही मनात न धरता सांगितलेलं, "आवाज बदलला की मतलब बदलतो, खाला, म्हणून संभाळून." म्हणजे न वाचलं तर रिकामं, आणि चुकीचं वाचलं तर भलतंच. कुठल्या भलत्याच गोष्टी आपण त्याच्या नावावर जमा करू, कोण जाणे.

त्याच थंडीत जमीन हलायला लागली. आधी धुंदलवाडीकडून ऐकू आलं, मग सगळीकडेच. आधी कुठून तरी खालून गडगड, ट्रक पुलावरून गेल्यासारखी, आणि मग हलकासा हिसका, जणू कुणी झोपेत कूस बदलली. भांडी वाजायची, कुत्री आधीच भुंकायची. लोक घरं सोडून अंगणात ताडपत्र्या बांधून झोपू लागले. शाळा झाडाखाली आली. फळा आंब्याच्या बुंध्याला टेकवला की उन्हाच्या ठिपक्यांत अक्षरं दिसेनाशी व्हायची. दर वेळी लोक म्हणायचे, झालं, आता नाही होणार, आणि पुन्हा व्हायचं. खैरूनला तर हिसका नसतानाही हिसका लागायचा. बस उभी असताना, रांगेत, नमाजेत कपाळ टेकलेलं असताना. जमीन हलतेय, की बीपी वाढलंय, की नुसतं मन? एकदा सुमय्याकडे धडा चालू असताना मांडणीवरच्या वाट्या किणकिणल्या. दोघी उठून अंगणात आल्या. खैरूनच्या हातात कायदा तसाच होता, बोट पानात अडकवलेलं. तिथं भिंतीपासून लांब, उन्हात उभं राहून तिनं एकदाचं विचारून टाकलं. "सुमय्या, मी जे बोट फिरवून वाचायची. ते पोचलं नसेल का गं?" सुमय्या जमिनीकडे बघत होती, अजून हलतेय का ते बघितल्यासारखी. "अल्लाह बेहतर जाने, खाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती, खोटा धीरही नव्हता. पोरगी प्रामाणिक होती, हाच तर घोळ होता. हो म्हणाली असती तर रडता आलं असतं, नाही म्हणाली असती तर झोपता आलं असतं.

आणि हे सगळं आपल्यापुरतंच नाही हे खैरूनच्या फार उशिरा लक्षात आलं. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, धड्याला जायच्या आधी ती अम्माकडे गेली तेव्हा. तलासरीच्या बाजारामागचं घर, पुढे बंद पडलेलं सायकलचं दुकान, मागे परसात चिंच. अम्माचं वय ऐंशीच्या पुढे. शेजारची हिरी तिचं सगळं बघायची. अम्मा ओसरीवर बसून बोट फिरवत होती. पान संपलं की मान वर करून ती एकेक नाव घ्यायची. अब्बाचं. खैरूनच्या धाकट्या भावाचं, जो सहा महिन्यांचा होऊन गेला होता आणि ज्याचा चेहरा आता अम्माखेरीज कुणाच्याच ध्यानात नव्हता. रज्जाकचं. मग हिरीच्या नवऱ्याचं, धाकल्याचं, जो विटांच्या ट्रकवरून पडून गेला होता. "त्याचं कशाला गं अम्मा?" खैरूननं कधीतरी विचारलं होतं, आणि अम्मा म्हणाली होती, "तो काय परका होता? तुझ्या अब्बाला खांदा दिलान त्यानं." ओसरीच्या पायरीवर चप्पल काढता काढता खैरून थबकली. हे बोट सत्तर वर्षं फिरत होतं. बोट फिरवलेलं पोचत नसेल तर अब्बाला काही पोचलेलं नव्हतं, त्या तान्ह्या पोराला नव्हतं, धाकल्याला नव्हतं. आणि उद्या ही म्हातारी स्वतः जाईल तेव्हा तिच्या गाठीला सत्तर वर्षांचं काय असेल? सांगावं तर आयुष्याच्या शेवटाला आईच्या हातातून सगळं काढून घेतल्यासारखं. न सांगावं तर माहीत असून तिला तशीच जाऊ द्यायची. आणि जमीन तर रोज हलत होती, घर जुनं, भिंतींना तडे. आज सांगू, उद्या सांगू करता करता एक दिवस सांगायला कुणी उरायचं नाही. "आलीस? चहा टाक," अम्मा म्हणाली. खैरूननं चहा टाकला. पुढच्या शनिवारीही टाकला.

ती शिकत मात्र राहिली, हट्टानं, दाढ दुखत असताना त्याच दाढेनं चावावं तशी. जानेवारी-फेब्रुवारीत अक्षरं जुळायला लागली. आधी डोळ्यांना ती वेगळी करावी लागायची, मग एके दिवशी ती आपोआप जवळ आली आणि त्यांचा आवाज झाला. तिला आठवलं, पोरांचं असंच होतं. महिनोन्‌महिने दगड, आणि एका सकाळी पोरगं दुकानावरची पाटी वाचत येतं. तो दिवस ती पोरांच्या घरी जाऊन सांगायची. स्वतःचा दिवस आला तेव्हा तिला घाम फुटला. आता ओळीकडे नुसतं बघणं जमेना. बघितलं की ती वाचायलाच लागायची, अडखळत, मागे येत, ऐनवर ठेचकाळत, एकेका ओळीला पाच पाच मिनिटं. रज्जाकच्या नावानं तिनं एक पान वाचलं आणि ते त्याच्यापर्यंत गेलं की वाटेत कुठल्या चुकलेल्या आवाजापाशी थांबलं याचा विचार करत दिवसभर काढला. पूर्वी शेवटचं पान मिटताना जे वाटायचं ते आता वाटत नव्हतं. पूर्वी काही येत नव्हतं आणि शांत वाटायचं. आता थोडं येत होतं आणि जीव थाऱ्यावर नव्हता. हे सुमय्याला सांगायची लाज वाटली, कारण सुमय्या खूश होती. "माशाल्ला खाला, पोरींपेक्षा लवकर शिकलात," असं म्हणून तिनं खैरूनला खजूर दिले होते.

एप्रिलच्या शेवटाला भरदिवसा एक मोठा हिसका बसला आणि अम्मा घाईनं बाहेर येताना पायरीवर पडली. उजवं मनगट मोडलं. हिरीनंच रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. खैरून पोचली तेव्हा अम्मा परसातल्या चिंचेखाली, ताडपत्रीच्या सावलीत बाजेवर बसली होती, पांढरा हात मांडीवर ठेवून, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या पोराकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत. घरात झोपायचं नाही, असं हिरीनं फर्मान काढलं होतं. "म्हातारी ऐकत नाही माझं. तू तरी सांग," हिरी म्हणाली. शाळेला सुट्टी लागली आणि खैरून तिथंच राहायला आली. आणि मग मे महिन्यात रमजान लागला.

पहिल्या रोजाच्या दुपारी, उन्हानं चिंचेची पानं मिटून घेतलेली असताना, अम्मानं बासन मागितलं. "रमजानात माझं एक पुरं व्हायला पाहिजे," ती म्हणाली. "दर साली होतं. या हाताचं आता काय करू? डाव्या हातानं तर चालत नाही." हिरी बाजेच्या पायाशी वाल सोलत बसली होती. "मी फिरवू काय बोट? त्यात काय हाय एवढं!" "तू गप बस, तुझी बोटं वालाची," अम्मा म्हणाली आणि दोघी हसल्या. मग खैरूनकडे वळून, "तू बोट फिरव. मी बिस्मिल्ला म्हणते. चल." खैरूननं तोंड-हातपाय धुऊन वजू केला, रेहल बाजेवर मांडली. पहिल्या पानावरची अल्हम्द नमाजेमुळे दोघींना पाठच, म्हणून ते उलटून पुढचं पान उघडलं. अम्माचं जुनं कुराण, कडा पिवळ्या, ओळींच्या खाली बोटानं गुळगुळीत झालेला कागद. सगळ्या पानभर फिकट रस्ते पडलेले. इतकी वर्षं या रस्त्यांवरून तीही गेली होती. तिनं बोट ठेवलं. "बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम," अम्मा म्हणाली आणि थांबली. बोट हललं नाही. पहिल्या शब्दाशी ते अडलं होतं, कारण डोळे पुढे जायला तयार नव्हते. ते वाचत होते. "सरकव की," अम्मा म्हणाली. खैरूननं बोट ढकललं, ते अर्ध्या ओळीत पुन्हा थांबलं. "काय गं? चष्मा नाही काय?" आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत खैरूननं ती ओळ मोठ्यानं वाचली, तुटक तुटक, पहिलीतल्या पोरासारखी, मधे एकदा मागे येऊन.

ताडपत्री वाऱ्यानं फडफडली. अम्मा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुला येतं?" "शिकतेय," खैरून म्हणाली. "थोडं येतं." "कधीपासून?" "दिवाळीपासून." अम्माचा चेहरा कसा होतो याकडे ती जीव मुठीत धरून बघत होती, आणि अम्मा नुसती हरखली. "हे असं आहे होय त्या ओळीत!" ती म्हणाली. "पुन्हा वाच." खैरूननं पुन्हा वाचली. "चांगलं आहे. पण एवढ्याशा ओळीला एवढा वेळ? तुझा अब्बा तिकडे कंटाळून जाईल." हिरीला त्याचं फार हसू आलं. खैरूनला आलं नाही. महिनोन्‌महिने दाबून धरलेलं तिच्या तोंडून निसटलं, नको तेव्हा, नको तसं. "अम्मा, बोट फिरवलेलं पोचत नसेल तर गं?"

वाल सोलणं थांबलं. अम्मानं प्लास्टरचा हात जरा वर उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. रागावली नव्हती, दचकलीही नव्हती. इतकं साधं काय विचारतेस, असं तिच्या कपाळावर होतं. "बोट कशाला पोचेल?" ती म्हणाली. "मी कुठं वाचते? मला येत नाही हे त्याला ठाऊक नाही काय? रोज आधी तेच सांगते ना त्याला. या अल्लाह, हे तुझं लिहिलेलं. मला येत नाही. मी नुसती बोट ठेवते, वाच तूच, आणि ज्याचं त्याला दे. मग बिस्मिल्ला." आणि खैरूनकडे वळून, "तू नाही म्हणत असं?"

"मला तू हे कधी सांगितलंच नाहीस."

"नाही?" अम्मा विचारात पडली. लांबवर हायवेवर एक ट्रक गिअर बदलत चढ चढला. "मी मनातल्या मनात म्हणते. तुला कुठनं ऐकू येणार? राहिलंच मग ते सांगायचं." म्हणजे अब्बाचं पोचलं होतं. तान्ह्या पोराचं पोचलं होतं, धाकल्याचंसुद्धा. अम्माचं काही बुडालेलं नव्हतं, तिला वाचवायची गरजच नव्हती, तिनं कधी वाचल्याचा आव आणलाच नव्हता. आपण आणला होता. आपण खरंच समजलो होतो की आपण वाचतोय. रज्जाकसाठी अख्खं कुराण बोटाखालून गेलं आणि वाच तूच, असं एकदाही कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते ओढणीनं पुसले. अम्मानं डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. "रडतेस काय, वेडी? आता म्हण. एकदा म्हण रज्जाकच्या नावानं, मागचं सगळं त्यात येईल. त्याच्याकडे काय कमी आहे? म्हण, मी थांबते."

खैरूननं डोक्यावरून ओढणी घेतली, बोट ओळीखाली ठेवलं आणि मान खाली घातली. या अल्लाह, हे तुझं लिहिलेलं, ती मनातल्या मनात म्हणाली. पुढचं तीनच शब्दांचं होतं. मला येत नाही. ती म्हणायला गेली आणि तिची नजर ओळीवर पडली. तिच्या मनात नसताना पहिलं अक्षर दुसऱ्याला जोडलं गेलं, शब्द झाला, त्याच्या पुढचा व्हायला लागला. तिनं डोळे घट्ट मिटले, तरी तो शब्द आत होताच, आवाजासकट. रोजा होता. खोटं बोलायचं नव्हतं, मनातसुद्धा नव्हतं, आणि त्याच्याशी तर नव्हतंच नव्हतं.

"म्हटलंस?" अम्मानं विचारलं.

"म्हणते," खैरून म्हणाली, आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली.